दातातला दोरा

देवकीची डोकेदुखी गोव्यात, लाटंबार्शातल्या तिच्या वाड्यावर सगळ्यांच्या परिचयाची होती. विहिरीवर, दुकानात, सकाळी पोदेराच्या सायकलीभोवती पाव घ्यायला जमलेल्या बायकांत कुणी ना कुणी विचारायचंच, "देवकीबाय, तकली कशी आसा?" देवकी कपाळाला बांधलेलं फडकं जरा आवळायची आणि म्हणायची, "आसा."

एवढंच. पहिली पाच-सहा वर्षं ती बैजवार सांगत असे. उजव्या कानशिलात कुणी आतून कुटल्यासारखं कसं सुरू होतं, मग ते डोळ्यामागे कसं उतरतं, उजेड कसा सोसत नाही, गरम पावाचा वास आला तरी पोटातलं कसं वर येतं. बायका ऐकून घेत, सुंठ उगाळून लाव म्हणत आणि आपापल्या पिशव्या उचलून चालू पडत. मग देवकीला सांगायचा कंटाळा आला. त्यानंतर दुखण्याचाही आला. आठवड्यातून तीनदा ती काजूबियांची पोती ठेवायच्या काळोख्या खोलीत गोधडी टाकून आडवी व्हायची, बाल्दी उशाशी ओढायची, आणि कधी तासाने, कधी दिवस मावळता उठून चुलीशी जायची. नवरा सगुण खाणीवर ट्रक चालवत होता तेव्हा इंजिनाच्या आवाजाने तिचं वाढतं म्हणून ट्रक लांब आंब्याखाली लावायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक गेला. आता तो एका कारखान्याच्या कामगारांची बस चालवतो. तीही आंब्याखालीच लावतो.

गेल्या दोन वर्षांत डोक्याच्या जोडीला जबडा आला. घास चावताना उजव्या कानापुढे 'कट्ट' वाजायचं. शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल एवढं. कडक उंडो पाव तर बंदच झाला. ती तो चहात बुडवून, लगदा करून गिळायची. एकदा शेजारच्या बारशाला तिने जांभई दिली आणि तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. बायकांची धावपळ झाली. दारात उभा असलेला बाबली, जो बसवर कंडक्टर होता आणि कुठेही गप्प बसायचा नाही, म्हणाला, "वहिनी, मिट गो आता. शीट भरली, गाडी सुटली!" देवकीला हसू आलं असतं, पण हसायला तोंड आधी मिटायला हवं होतं. पाच मिनिटांनी ते आपोआप मिटलं. डोळ्यांतून पाणी मात्र घरी पोचेपर्यंत येत होतं.

हे दुखणं कुठून आलं ते देवकीला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं. आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

गोष्ट अशी की वाड्यावरच्या देवीला रोज सकाळी अबोलीची माळ जायची ती देवकीच्या घरून. तिच्या सासूच्याही आधीपासूनचा हा मान. वाड्यात कुणाकडे दिंडीचा मान, कुणाकडे तेलाचा, तसा यांच्याकडे माळेचा. देवकी हरमलची. तिची आई अबोलीच्या फाती करून रस्त्याकडेला विकायची. केळीच्या सोपटाचा दोरा काढायचा, एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं आणि दोन-दोन फुलं धरून वेणीसारखी फाती ओवत जायची. देवकी त्यातच वाढली. पण लग्न होऊन इथे आली तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाजाराची फाती वेगळी. देवीच्या माळेक पाय लावचो नाय." सासू दोरा जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजाला बांधायची आणि उभ्याने माळ करायची. तिला दीड तास लागायचा.

सासू वारली त्या वर्षी एका सकाळी दोरा सुकून सारखा तुटत होता. देवळात घंटा वाजली. भट देवीला न्हाऊ घालायला लागले होते. देवकीने टोक दातात धरलं, मान जरा उजवीकडे कलती केली, आणि बघते तर हात असा सुटला की पाऊण तासात माळ तयार. तोंडातल्या ओलाव्याने दोरा मऊ राहत होता. दाताचा ताण गजापेक्षा चांगला; सैल करायचा तर सैल, ओढायचा तर ओढ. फुलं बरोबर डोळ्यांखाली. त्या दिवसापासून बावीस वर्षं ती तशीच माळ करत आली. दार लावून.

कारण देवीची माळ उष्टी. हे तिला कळत नव्हतं असं नाही. पहिले काही दिवस तिने स्वतःला सांगितलं, की उद्यापासून गजाला बांधीन. नंतर सांगायचं सोडलं. आणि गंमत बघा, वाड्याने लावलेल्या दाराचा अर्थ भलताच घेतला. देवकी माळेला बसली की कुणाची सावली पडू देत नाही, एवढी सोवळी बाय. कृष्णनाथ भटांच्या घरी नवी सून आली, सुविधा, तिलाही सासूने देवकीचंच उदाहरण दिलं होतं. देवकीच्या कानावर हे आलं तेव्हा तिला लाज वाटली की नाही हेसुद्धा तिला नीट सांगता आलं नसतं. कानशीळ तेवढं उडत राहिलं.

सात वर्षांपूर्वी सगुणने देवीला कौल लावला होता. भटांनी गाऱ्हाणं घातलं, देवीच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेल्या पाकळ्या चिकटवल्या. पाकळ्या देवकीच्याच माळेतल्या. "ह्या बायचा दुखणा सेवेतल्या चुकीन आसा काय, तर उजवी दी," असं म्हणेपर्यंत उजवी पाकळी घरंगळली. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग सगुणला आठवलं की आजोबांनी देवीला नवसाची एक घंटा बोलली होती ती राहून गेली. घंटा दिली. ती अजून सभामंडपात आहे, आवाज चांगला आहे. देवकी खांबाला टेकून उभी होती. 

देवी बोलून चुकली होती. आता डॉक्टरांचं काय ऐकायचं, असं ती म्हणायची; गोळ्या मात्र खात राहिली. चष्मा झाला. दुकानातल्या डोकेदुखीच्या गोळ्या चण्याफुटाण्यासारख्या झाल्या. शेवटी मुलगी गौरवी, जी डिचोलीला एका ऑफिसात नोकरीला लागली होती, आईला बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ही अर्धशिशी. रोजच्या दुकानातल्या गोळ्यांनीसुद्धा डोकं दुखत राहतं, त्या आधी कमी करा. रोज घ्यायची एक वेगळी गोळी देतो, वही ठेवा, कधी दुखलं ते लिहा. मग बोलता बोलता त्यांनी पाहिलं की बाईचा हात सारखा कानापुढे जातोय. म्हणाले, "तोंड उघडा बघू." कट्ट वाजलं. "हा जबड्याचा सांधा आधी दंतवैद्याला दाखवा. ही दोन दुखणी एकमेकांना उठवत बसतात."

डिचोलीच्या दंतवैद्य बाई तरुण होत्या, म्हापशाच्या. आणि त्यांच्या हाताखाली, निळा मास्क लावून, वही घेऊन, उभी होती ती भटांची सून सुविधा.

"अगो काकी, तुम्ही!" सुविधाने तिला कदेलीवर, त्या कलत्या खुर्चीवर, बसवलं, मानेखाली टॉवेल दिला. देवकीला वाटलं उठावं. पण गौरवी दाराशी होती आणि कदेल मागे कलंडली होती.

डॉक्टर बाईंनी तिला स्वतःची बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. तीन मावायला हवीत, दोनच मावली. मग त्यांनी गालावर, कानशिलावर, मानेवर अंगठ्याने दाबलं. उजव्या गालाच्या एका जागी दाबल्यावर देवकीच्या कानशिलात तीच ओळखीची कळ उठली आणि तिने कदेलीचा हात घट्ट धरला.

"इथून तिथे जाते ना कळ?" बाई म्हणाल्या. "चावायचा स्नायू हा. दिवसरात्र आवळलेला. काकी, तुम्ही दातात काही धरता? सुपारी, सुई, पिना? शिंपीण बायका दोरा धरतात, तसं काही?"

देवकीने सुविधाकडे बघितलं. सुविधाचं पेन वहीवर टेकलेलं होतं.

"नाय."

सुविधाने लिहिलं.

"कारण इथे उजवीकडच्या दाताला एक बारीक खाच आहे. आरीने घासल्यासारखी. कशाची?"

"जल्मापासूनची."

 त्यांनी गरम शेक, मऊ जेवण, दोन व्यायाम सांगितले. ठसा घेऊन दातांवर बसवायची एक पारदर्शक पट्टी दिली, झोपताना लावायची. आणि एक गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली: ओठ मिटलेले, दात सुटे. "जेवण सोडलं तर वरचे खालचे दात एकमेकांना लागायचं कारणच नाही, काकी. एवढं संभाळलंत तरी अर्धं काम झालं."

गौरवीने तो कागद आरशाला चिकटवला. सगुण दाढी करताना वाचायचा आणि उगाच ओठ मिटायचा.

देवकीने सगळं केलं. शेक घेतला, पट्टी लावली, गोळी घेतली, दुखलं त्या दिवशी वहीत काट्याची खूण केली. आणि रोज सकाळी उजाडल्यावर अंगणातली अबोली खुडून, दार लावून, पाऊण तास दोरा दातात आवळून बसली. महिन्याने वहीत बारा काटे. आधीही बाराच असत.

दुसऱ्या खेपेला डिचोलीला जाताना गौरवीने साळच्या रस्त्यावर एका फणसाच्या सावलीत स्कूटर थांबवली. हेल्मेट काढलं नाही. पुढे बघतच म्हणाली, "आई, डॉक्टरीण इचारता तेव्हा तू नाय म्हणतंस."

"काय?"

"माका म्हायत आसा. बारीक असताना फटीतून बघलंय. तुझ्या दातात दोरो."

देवकी मागे बसून होती. समोरून एक बस गेली, धूळ उडाली, खाली बसली.

"कोणाक सांगलंस?"

"कोणाक सांगू? माका वाटला, माळ अशीच करतत. पुढे शाळेतल्या पोरींनी सांगल्यावर कळला."

"सुविधा थय असता गो."

"असू दे."

"भटांची सून ती. उद्या देवळात..."

"मग तशीच ऱ्हव. बारा काटे. पुढच्या म्हयन्यात बारा. माका ऑफिसात रजा मागूक लाज वाटता आता." हे बोलून गौरवीला वाईट वाटलं असावं, कारण तिने मागे हात करून आईचा गुडघा दाबला. मग स्कूटर चालू केली.

पट्टी तपासून डॉक्टर बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. पट्टी ठीक होती. स्नायू दगडासारखाच होता. "काकी, हे बसायला हवं होतं. आता एक्स-रे, मग वाटलं तर मोठा स्कॅन बघू. सुविधा, लिहून घे."

"डॉक्टरीण बाय," देवकी म्हणाली. तिला स्वतःचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "दोरो धरतंय मी. दातात."

"कसला दोरा?"

"माळेचो. रोज पाऊण तास. बावीस वर्सां."

"अहो मग झालं तर!" बाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी हातातला आरसा ट्रेमध्ये टाकला. "ही खाच त्याचीच. एवढं साधं, आणि तुम्ही महिनाभर सांगितलं नाहीत? हे बंद करा आधी. स्कॅनबिन नको, दोन महिने थांबू."

त्यांच्या दृष्टीने ते संपलं. त्यांनी हात धुतले. सुविधा मात्र पेन धरून तशीच उभी होती. मास्कवरचे तिचे डोळे काय म्हणत होते ते देवकीला वाचता आलं नाही.

"काकी," सुविधाने हळूच विचारलं, "खंयच्या माळेचो?"

"एकच तर माळ करतंय मी."

सुविधाने खाली बघितलं आणि लिहिलं. बराच वेळ लिहीत होती, दोन शब्दांना लागतो त्याहून जास्त. मग टॉवेल काढून घेतला आणि नेहमीसारखं म्हणाली, "सांभाळून उतरा."

देवकीला वाटलं होतं, सांगितलं की काहीतरी होईल. रडू येईल, हलकं वाटेल, पाय थरथरतील. काही झालं नाही. दात काढताना सुई देतात आणि अर्धा गाल आपला नसल्यासारखा होतो, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती. जिना उतरली, स्कूटरवर बसली, गौरवीने वाटेत पेज पिऊया का विचारलं तर हो म्हणाली आणि पेज प्यायली.

दुसऱ्या दिवशी तिने दार उघडं ठेवून दोरा जनेलाच्या गजाला बांधला. उभ्याने हात चालेनात. दोरा सुकला, तुटला, गाठी आल्या. घंटा होऊन गेली तरी माळ अर्धीच. तीच तिने नेऊन दिली. कृष्णनाथ भट सत्तरीचे, कमरेत वाकलेले. त्यांनी माळ हातात घेतली, बोटांनी चाचपली, देवीच्या गळ्यात घातली. माळ आखूड, कशीबशी छातीपर्यंत आली. मग निरांजन लावायला वळले.

देवकी वाट बघत होती. आज बोलावतील, देवळाचे महाजन जमतील, पाकळी लावतील, मान काढून घेतील. घेतील तर घेवोत, असंही तिला वाटत नव्हतं आणि घेऊ नयेत असंही नाही. तिसऱ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी सुविधा विहिरीवर भेटली, "शेक घेतास मां?" एवढंच विचारून घागर घेऊन गेली. तिने घरी सांगितलं होतं की नव्हतं, ते देवकीला कळलं नाही. पुढेही कधी कळलं नाही. आठ दिवसांत वहीत दोन काटे पडले. तिने ते मोजले आणि वही मिटली.

नवव्या दिवशी सकाळी ती अर्धी माळ घेऊन देवळात गेली तेव्हा भट सभामंडपात उकिडवे बसले होते. उजव्या हाताच्या लाकडी खांबाला, बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, एक पितळेची कडी मारलेली होती. नवी, चकचकीत. खाली पाट मांडलेला आणि पाटाशेजारी पाण्याची वाटी.

"हय बस," भट म्हणाले. "माळेचा काम हय, तिच्या दारात. घरा आता नको."

देवकी उभीच.

"आठ दिवस दोरो सुको येता," भट म्हणाले. ते कडीकडे बघत होते. "तेच्याआधी ओलो येय. ही वाटी त्यासाठी. बोटां बुडयत ऱ्हव."

 बावीस वर्षं त्या हातांनी तिची माळ चाचपून घेतली होती. त्यांना कधीपासून कळत होतं? कालपासून, की त्या पहिल्या सकाळपासून? तिने विचारायला तोंड उघडलं, आणि सांध्यात कट्ट वाजलं.

"बस, बस," भट उठत म्हणाले. "देवी न्हावन घेता." आणि गाभाऱ्यात गेले.

ती पाटावर बसली. दोरा वाटीत भिजवला, कडीला बांधला. समोर गाभाऱ्याचा उंबरठा, मागे रस्ता. वाड्यावरची माणसं कामाला निघालेली, येता-जाता आत डोकावत होती. एवढी वर्षं कुणाची सावली पडू न देणारी देवकी आज उघड्यावर माळ करते, हे बघून दोन बायका थांबल्या, कुजबुजल्या, पुढे गेल्या. बाबली ड्यूटीला जाताना पायरीवर रेंगाळला.

"वहिनी, गप्पशी? ओठ असे मिटलंस, माझ्यावर राग काय?"

"डॉक्टरणीन सांगलां," देवकी ओठ कमीत कमी हलवत म्हणाली.

"आणि तकली?"

"आसा." मग जरा थांबून, "बारीक."

बाबली गेला. देवकीने पहिली दोन फुलं धरली, दोरा फिरवला, मग पुढची दोन. हात अजून चुकत होते. बावीस वर्षांची सवय मानेत होती, मान उजवीकडे कलती व्हायची आणि ती सरळ करायची. कितीतरी वेळाने कडीची गाठ सुटली, आणि तिला भान आलं, की सुटलेलं टोक वाटीत बुडवून घेतलेला डावा हात वर चालला आहे, हनुवटीपर्यंत पोचलाही आहे आणि दात दोऱ्यासाठी वाट करून बसले आहेत.

गाभाऱ्यातून भट खाकरले.

देवकीने हात खाली आणला, टोक पुन्हा कडीला बांधलं आणि पुढची दोन फुलं उचलली. अजून वीतभर माळ व्हायची होती.